फॉर्म भरू की तिकीट काढू? : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात मी माझ्या जुन्या लॉगबुकाबद्दल (मारलेल्या बुड्यांची नोंद ठेवतात ती वही) चार ओळी लिहिल्या काय, पत्रांचा ढीगच लागला, एवढी पत्रं तर साबुदाण्याच्या खिचडीत हळद घालावी का या वादालाही आली नव्हती. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी इंदूरचीच, रामबागेत वाढलेली, विम्याच्या ऑफिसात सहा वर्षं क्लेमच्या फायली उलटल्या आणि २९व्या वर्षी ते सोडून अंदमानला गेले. नऊ सीझन तिथे आणि मग कर्नाटकात मुरुडेश्वरला डाईव्ह इन्स्ट्रक्टर म्हणून काम केलं, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जायला, स्कूबाला, लोकांना शिकवलं. आता आईसाठी परत आलेय, शनिवार-रविवार पूलमध्ये शिकवते. मुंबईचा समुद्र इथनं जवळजवळ सहाशे किलोमीटर, तरी या गावात एवढ्या लोकांना पाण्याखाली नोकरी हवीय हे मला खरंच माहीत नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार पत्रं निवडलीत.

ताई, नमस्कार. मी २६ वर्षांची, सुदामा नगरात राहते. आर्टिकलशिप (सी.ए.च्या हाताखालचं ट्रेनिंग) पूर्ण झालीय, सी.ए. फायनलचा पहिला ग्रुप निघाला, दुसरा दोनदा अडकला. बाबांची टॅक्सची प्रॅक्टिस आहे, घराखालीच ऑफिस, म्हणजे माझी खुर्ची मी दहावीत असतानाच ठरलीय असं समजा. फेब्रुवारीत मैत्रिणींबरोबर अंदमानला गेले होते, हॅवलॉकला स्कूबा केलं, अर्धा-पाऊण तास पाण्याखाली होते. ताई खरं सांगते, खाली गेल्यावर डोक्यातली सगळी कटकट बंद झाली, असं कधी झालंच नव्हतं. तेव्हापासून एक्सेल उघडते आणि नुसती बघून राहते. मला इन्स्ट्रक्टर व्हायचंय. बाबा म्हणतात आधी सी.ए. हो, मग हवी तिथे बुडी मार. आई म्हणते, लोकांचं राहू दे, पण तुला पोहता तरी नीट येतं का? (पूलच्या दोन लांब्या मारते, मग दम लागतो.) सप्टेंबरच्या अटेम्प्टचा फॉर्म भरायचाय. फॉर्म भरू की तिकीट काढू?
– एक्सेलला कंटाळलेली, इंदूर

अगं, आधी तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, कारण आलेल्या सगळ्या पत्रांत कामाचा प्रश्न त्यांनीच विचारलाय. तू जे केलंस तो ट्राय डाईव्ह, त्यात पोहता यावं लागत नाही, कारण तुझा सिलिंडर मागनं कोणीतरी धरलेला होता, तुझं वर-खाली होणं तोच सांभाळत होता, तू फक्त श्वास घेत होतीस आणि मासे बघत होतीस. तो जो धरणारा होता ना, तू त्याची नोकरी मागतेयस. आणि त्याची कटकट त्या वेळी अजिबात बंद नव्हती. तुझे डोळे मोठे झाले का, तू नाक दाबून कान मोकळे करतेयस का, तुझी हवा किती उरली, मागच्या जोडीतला माणूस कोरलवर (प्रवाळावर) पाय तर देत नाहीये ना, पाण्याचा प्रवाह फिरला का, हे सगळं त्याच्या डोक्यात एका वेळी चालू होतं. तुला मिळालेली शांतता त्याच्या खिशातनं गेलेली आहे. हे मी तुला घाबरवायला नाही सांगत, मला स्वतःला हे कळायला अख्खा पहिला सीझन लागला आणि कळलं तेव्हा मी बोटीवर बसून रडले होते, कारण मीही शांततेसाठीच गेले होते.

सीझनमधला दिवस कसा असतो सांगते. पहाटे साडेपाचला सिलिंडर मोजायचे. भरलेला एक सिलिंडर पंधरा किलोच्या वर जातो आणि तो आपोआप बोटीत चढत नाही, वाळूतनं, कधी कमरेएवढ्या पाण्यातनं आपणच नेतो. मग प्रत्येकाचा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणतो तो) लावून बघायचा, कुठे ओ-रिंग, म्हणजे रबराची चकती, फुसफुसत असेल तर बदलायची, खाली जायला कमरेला बांधायचे वजनाचे पट्टे मोजून द्यायचे, आणि पाहुणे आले की ब्रीफिंग. तेच ब्रीफिंग, तेच विनोद, दिवसातनं तीन-चार वेळा. नीमो रीफच्या त्याच त्या क्लाउनफिशला मी इतक्या वेळा भेटलेय की तो मला ओळखत असणार. संध्याकाळी सगळे वेटसूट (पाण्यात घालायचे रबरी सूट) गोड्या पाण्यात धुवायचे, आणि लोक त्यात काय काय करतात ते मासिकात लिहिता येणार नाही. सीझनभरात स्वतःसाठी, कुणालाही न सांभाळता मारलेल्या बुड्या? पहिल्या वर्षी अकरा.

एक गंमत सांगते म्हणजे नुसतं रडगाणं वाटायला नको. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'वर चला'. 'सगळं ठीक' साठी अंगठा आणि तर्जनीचा गोल करतात. हे मी वर घसा कोरडा करून सांगितलेलं असायचं, तरी आपल्याच इंदूरचे एक भिया खाली गेले, कासव दिसलं, आणि खूश होऊन त्यांनी मला दणदणीत अंगठा दाखवला. मी त्यांना वर नेलं. वर आल्यावर म्हणतात, क्यों मॅडम, इतना मस्त चल रहा था! तीन वेळा झालं हे. पैसे वसूल झाले नाहीत म्हणून माझ्यावरच चिडले आणि संध्याकाळी स्वतःच येऊन सेव देऊन गेले, पिशवी भरून आणली होती घरून. अशी माणसं तुला आवडत असतील, म्हणजे घाबरलेली, हट्टी, नवऱ्यासमोर धीट दिसायला बघणारी, सेव वाटणारी, तर हे काम तुझं आहे. नुसते मासे आवडत असतील तर मासे सुट्टीतही दिसतात.

आता शिडी. पॅडी, एसएसआय अशा डायव्हिंगचे कोर्स ठरवणाऱ्या संस्था आहेत, कोर्स केल्यावर मिळणारी त्यांची कार्डं जगभर चालतात, दोन्हींचा रस्ता साधारण सारखाच, मी पॅडीवाली म्हणून त्याचं सांगते. पहिलं ओपन वॉटर, त्यात १८ मीटरपर्यंत जाता येतं, आणि त्यासाठी २०० मीटर न थांबता पोहायचं आणि १० मिनिटं तरंगायचं, वेळेची घाई नाही. मग ॲडव्हान्स्ड, ३० मीटर. मग रेस्क्यू, हा मला सगळ्यात आवडलेला कोर्स, कारण त्यात पहिल्यांदा कळतं की दुसऱ्याला वाचवताना आपण किती वेडेपणा करू शकतो. त्यानंतर डाईव्हमास्टर, इथनं धंदा सुरू. सुरू करायला लॉगबुकात ४० बुड्या लागतात, संपवायला ६०, आणि पोहण्याची परीक्षा खरीखुरी: ४०० मीटर घड्याळ लावून, १५ मिनिटं जागेवर तरंगायचं, त्यातली शेवटची दोन हात पाण्याबाहेर काढून, स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून ८०० मीटर, आणि एका दमलेल्या माणसाला १०० मीटर ओढून न्यायचं. दोन लांब्यांत दम लागतो म्हणतेस ना, तर म्हणून आई बरोबर. डाईव्हमास्टर झालं की कार्डवाल्या लोकांना फिरवता येतं, इन्स्ट्रक्टरला मदत करता येते, पण स्वतः कोर्स शिकवायचा तर पुढे इन्स्ट्रक्टरचा कोर्स आणि बाहेरच्या परीक्षकासमोर परीक्षा, तिथे १०० बुड्या हव्यात आणि पहिलं कार्ड मिळून किमान सहा महिने झालेले हवेत. पैसा म्हणशील तर पहिला कोर्स हजारांत भागतो आणि इन्स्ट्रक्टरपर्यंत पोचता पोचता गोष्ट लाखांवर जाते, वर स्वतःचा मास्क, फिन्स (पायात घालायचे पंखे), डाईव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं घड्याळ), दरवर्षीची मेंबरशिप आणि विमा वेगळा. काही डाईव्ह शॉप (पाहुण्यांना बुडीला नेणारी, शिकवणारी दुकानं) 'काम करा आणि शिका' अशी इंटर्नशिप देतात, घे, पण किती तास काम, किती बुड्या, राहायला कुठे, दाराला आतनं कडी लागते का, हे लिहून घे. शेवटचं गमतीनं नाही म्हटलेलं.

आता तुझा मूळ प्रश्न. तुला आणि बाबांना दोघांनाही असं वाटतंय की हे एक नाहीतर दुसरं आहे. मी पण तसंच समजले होते, राजीनामा टेबलावर ठेवून, सगळ्यांशी भांडून गेले, आणि पहिल्या जूनमध्ये हात हलवत इंदूरला परत आले कारण कोणी सांगितलंच नव्हतं की पावसाळ्यात समुद्र बंद होतो. अंदमानचा मुख्य सीझन ऑक्टोबर ते साधारण मे, मुरुडेश्वर आणि तारकर्लीचंही थोडंफार तसंच. जून ते सप्टेंबर लाटा, गढूळ पाणी, बोटी काठावर उलट्या घातलेल्या, पगार अर्धा किंवा शून्य. आणि आता बाबांच्या ऑफिसचं कॅलेंडर बघ. गर्दी कधी असते? जुलैत रिटर्न, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट. ज्या महिन्यांत बेटावर काम नसतं नेमक्या त्याच महिन्यांत तुमच्या घराखाली माणसं जिन्यापर्यंत उभी असतात. मी विम्याच्या फायली सोडून गेले तेव्हा माझ्याकडे असं काही नव्हतं, मी तीन पावसाळे ट्यूशन घेऊन काढलेत. तुझ्याकडे ते आयतं आहे आणि तू त्यालाच लाथ मारायला निघालीयस!

आणखी एक, हे मी कुठे कोणी लिहिलेलं वाचलं नाही पण नऊ वर्षं डोळ्यांनी बघितलं. डाईव्ह शॉपमध्ये पाण्यातलं येणारी माणसं पुष्कळ असतात, हिशेब येणारं कोणी नसतं. बिलं ओल्या ड्रॉवरमध्ये, जीएसटीचं कोणाला कळत नाही, सिलिंडरात हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते माहीत नाही, मालक दरवर्षी मार्चमध्ये डोकं धरून बसलेला. मी तर नुसती क्लेम बघणारी, तरी माझ्याकडे कॅशबुक यायचं आणि त्यामुळे मला कधी कामावरनं काढलं नाही, माझ्यापेक्षा चांगले डायव्हर गेले. तेव्हा दुसरा ग्रुप ही काही शिक्षा नाहीये गं.

म्हणून माझं म्हणणं, फॉर्म भर. तिकीटही काढ, ऑक्टोबरचं. तोपर्यंत रोज सकाळी पूल, अभ्यासाच्या आधी, रोज एक लांबी वाढव, बाबांना सांग की पाठीसाठी चाललंय, खोटं नाहीये ते. सप्टेंबरात पेपर दे, निकाल काय लागायचा तो लागेल, नाहीच निघाला तर फायनल आता जानेवारी, मे, सप्टेंबर अशी वर्षातनं तीनदा होते, ती कुठे पळून जात नाही. ऑक्टोबरात जाऊन ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड कर, आणि कोर्स संपला की लगेच परत येऊ नकोस, त्याच शॉपमध्ये विचार की महिनाभर फुकट राबू का. सिलिंडर वाहा, वेटसूट धू, रडणारी पोरं सांभाळ, पाण्यात पाचच दिवस जायला मिळालं तरी चालेल. महिन्यानंतर सकाळी साडेपाचला उठवत असेल तर डाईव्हमास्टरला पैसे भर. नाही उठवलं तर तुला सुट्टी हवी होती, नोकरी नाही, आणि त्यातही काही वाईट नाही, कमावती सी.ए. दरवर्षी मस्त पंधरा दिवस डाईव्ह करू शकते, इन्स्ट्रक्टरपेक्षा जास्त मासे बघते ती.

एक राहिलं. मुली या कामात चालतात का असं तू विचारलं नाहीस पण बाकी सात पत्रांत आहे. चालतात नाही, लागतात. आपल्याकडच्या कितीतरी बायका पुरुषाचा हात धरून पाण्यात उतरायला तयार नसतात, आणि त्यांना हिंदीत, आपल्या पद्धतीनं समजावणारी हवी असते.

मॅडम, माझा मुलगा २३ वर्षांचा, इंजिनीअर, बँकेच्या परीक्षांची तयारी करत होता. मालवणला सहलीला जाऊन आला आणि आता म्हणतो डाईव्हमास्टर होतो. मी स्वतः ३१ वर्षं सरकारी ऑफिसात काढली. यात जिवाला धोका किती, पगार किती, पन्नाशीत काय, आणि लग्नाचं काय, एवढंच स्पष्ट सांगा.
– एक वडील, लोकमान्य नगर, इंदूर

नमस्कार. स्पष्टच सांगते.

धोका आहे, पण तो लोकांना वाटतो तिथे नाही. शार्क वगैरे सोडा, ते आपल्याला बघून लांब जातात. खरा मामला हवेचा आणि दाबाचा. जमिनीवर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो, दर १० मीटर खाली गेलं की आणखी एक वाढतो, म्हणजे १० मीटरवर दुप्पट. तिथे फुफ्फुसभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर तिला दुप्पट जागा लागेल, आणि फुफ्फुस काही दुप्पट होत नाही. म्हणून पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरं म्हणजे दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो, सावकाश वर आलं तर तो गुपचूप निघून जातो, घाईनं आलं तर बुडबुडे होतात, सोड्याची बाटली खाडकन उघडल्यासारखं. त्यासाठी हळू वर येतात, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबतात, आणि बऱ्याच बुड्या मारल्यावर किमान १८ तास विमानात बसत नाहीत. उंचीचंही तेच, तारकर्लीला दिवसभर बुड्या मारून त्याच संध्याकाळी आंबोली घाटातनं गाडी वर काढायची नाही, आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७०० मीटरवर आहे. हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही, सगळ्यांना रात्रीची बस पकडायची असते.

म्हणजे नियम थोडे आणि साधे. गोची अशी की नोकरीत ते पाळायला अवघड जातं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, बोट भरलेली, मला सर्दी झालेली. सर्दीत कान मोकळे होत नाहीत म्हणून डाईव्ह करायचीच नसते, हे मी दुसऱ्यांना शिकवत होते. शॉपचा मालक म्हणाला, एक गोळी घे, चार दिवसांचा प्रश्न आहे, आणि मी घेतली. गोळीचा असर खाली असतानाच उतरला, वर येताना कानात जे झालं ते सांगत नाही, पडद्याला भोक पडलं आणि सहा आठवडे पाण्याबाहेर, बिनपगारी. चूक मालकाची होती तेवढीच माझी. मुलाला एवढंच विचारा, की ऐन सीझनला तू मालकाला 'आज नाही' म्हणू शकशील का? त्याला पाण्याची भीती वाटत नाही हे चांगलं नाही, थोडी वाटली पाहिजे.

आणि डॉक्टर. कोर्सच्या आधी एक मेडिकल फॉर्म असतो, दमा, कान, हृदय, फिट्स, ऑपरेशनं सगळं विचारतात, पुष्कळ पोरं सगळीकडे 'नाही' लिहून मोकळी होतात. लहानपणी दमा असेल तर खरं लिहायला लावा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

पगार. सुरुवातीला बँकेच्या क्लार्कपेक्षा कमी, हे धरूनच चला. राहणं-जेवण बरेचदा शॉपकडे असतं त्यामुळे पोराला कळत नाही की पैसे कमी आहेत, पीएफ-पेन्शन बहुतेक ठिकाणी विसराच. इन्स्ट्रक्टर झाल्यावर दर कोर्समागे काहीतरी मिळतं, दोन-तीन भाषा येत असतील, फोटो-व्हिडिओ येत असेल, कॉम्प्रेसर दुरुस्त करता येत असेल तर जास्त. तुमचा मुलगा इंजिनीअर आहे ना, त्याला रेग्युलेटर उघडून सर्व्हिस करायला शिकू द्या, हे काम जमणारी माणसं कमी आहेत आणि पन्नाशीतही करता येतं, पाठ गेली तरी. कारण पाठ जाते. सिलिंडरमुळे. माझी गेलीय.

लग्नाचं मला विचारू नका, मी वाईट उदाहरण आहे.

ताई, मी वडोदऱ्याची, दांडिया बाजार. दोन प्रश्न. मालवणला आम्ही स्कूबा केलं, त्याचा कागदही मिळाला, तो नोकरीला चालेल का? आणि आमच्या गुजरातला एवढा मोठा किनारा असताना अंदमानपर्यंत कशाला जायचं? भाऊ म्हणतो ऑईल रिगवर डायव्हरला खूप पैसे असतात.

तो कागद फ्रेम करून लावा, छान दिसेल. नोकरीला कार्ड लागतं, आणि ते चार-पाच दिवस वर्ग, पूल आणि समुद्र असं सगळं केल्यावरच मिळतं. मालवणला किल्ल्याजवळ उतरवतात तो बहुतेक ठिकाणी अनुभव असतो, कोर्स नाही. पण जवळच तारकर्लीला एमटीडीसीचं (महाराष्ट्र पर्यटन महामंडळाचं) स्कूबाचं केंद्र आहे तिथे शिकवतातही, आणि आपल्या भाषेत शिकायचं तर त्याहून बरी जागा नाही. पाणी अंदमानएवढं निळं मिळणार नाही, कधी कधी स्वतःचे फिन्स दिसले तरी नशीब, पण मी तर म्हणते गढूळ पाण्यात शिकलेला डायव्हर जास्त पक्का होतो. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट पण बघा, कोकण रेल्वे थेट मुरुडेश्वरला थांबते.

गुजरातचं म्हणाल तर द्वारकेजवळ शिवराजपूरला स्कूबा सुरू झालंय. आणि जामनगरच्या बाजूला कच्छच्या आखातात १९८२ सालचं मरीन नॅशनल पार्क आहे, देशातलं पहिलं, तिथे नराराला तर ओहोटीला गुडघाभर पाण्यातनं चालत कोरल बघता येतं, डाईव्हिंगचा खर्चच नाही. नोकरीच्या आधी एकदा तिथे ओहोटीची वेळ बघून नक्की जाऊन या, तुम्हाला मासे आवडतात की फोटो हे तिथेच कळेल. पण नोकऱ्या जिथे वर्षाचे सात-आठ महिने पाहुणे येतात तिथेच, म्हणून लोक अंदमानला जातात.

भावाचं अर्धं खरं आहे. मुंबई हायसारख्या समुद्रातल्या तेलाच्या ठिकाणी, बंदरांत, जहाजांच्या तळाशी काम करणारे डायव्हर असतात, पण ते कमर्शियल डाईव्हिंग, अगदी वेगळा धंदा. डोक्यावर हेल्मेट, वरनं नळीनं हवा, अंधारात चाचपडत वेल्डिंग नाहीतर नटबोल्ट. त्याचं ट्रेनिंग वेगळं, मेडिकल वेगळं, माझी सगळी कार्डं तिथे दाखवली तर हसतील. पैसे जास्त आहेत कारण काम तसंच आहे. फॅब्रिकेशनचं हातकाम येत असेल तरच त्या वाटेला जावं, नुसतं पाणी आवडतं म्हणून नाही.

मी ४१ वर्षांचा, सुपर कॉरिडॉरवर एका आयटी कंपनीत आहे. चष्मा मायनस चार, पोहता येत नाही, पोट सुटलंय, शुगर बॉर्डरवर. बायको म्हणते हे मिडलाईफ आहे, उतरेल. मी सिरियस आहे. नोकरी सोडून दोन वर्षांत इन्स्ट्रक्टर होऊ शकतो का? उशीर झालाय का?

वयानं उशीर झालेला नाही, माझ्या बरोबरीनं परीक्षा दिलेले एक गृहस्थ पन्नाशीचे होते आणि आमच्यात सगळ्यात शांत तेच होते. चष्म्याचं तर काहीच नाही, मास्कला नंबरच्या काचा बसवून मिळतात. शुगरसाठी डॉक्टरांचा कागद आधी, बाकी सगळं नंतर, बुडी मारताना खाली शुगर पडली तर तिथे बिस्किट खाता येत नाही.

नोकरी मात्र आत्ता सोडू नका. तुमच्या पत्रात दीड पान मॅनेजरबद्दल आहे (छापलेलं नाही, काळजी नको) आणि समुद्राबद्दल दोन ओळी. डाईव्ह शॉपलाही मॅनेजर असतो हो. तोही रविवारी फोन करतो, आणि तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतो.

पण खरंच सिरियस असाल तर ऑफिसच्या आधी पूल लावा. पोहणं नंतर, आधी तरंगायला शिका, उताणे, कान पाण्यात, हातपाय न मारता. दहा मिनिटं. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांना यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण अंग सैल सोडायचं असतं आणि ते ऑफिसात कोणी शिकवलेलं नसतं. जमलं की मला परत पत्र टाका, वहिनींची सही घेऊन.